एका गिऱ्हाइकाला एक खटका

माझ्या मामाचा भिंगारला फोटो स्टुडिओ होता आणि त्या स्टुडिओत एकच धर्म पाळला जाई. एका गिऱ्हाइकाला एक खटका. गिऱ्हाईक स्टुलावर बसवायचं, कॉलर नीट करायची, हनुवटी दोन बोटांनी वर उचलायची, 'हलू नका' म्हणायचं आणि खटका दाबायचा. त्यानं नेमके तेव्हाच डोळे मिटले तर ते त्याचं नशीब. मामा म्हणे, "मिटले तर मिटले. देवळात न्हाई का मिटत?" छावणीतले जवान घरी पाठवायला फोटो काढून घेत. त्यांतले निम्मे तरी पेंगताना दिसत, हे मी छातीठोक सांगतो, कारण फोटो धुवायचं काम माझ्याकडे होतं.

ह्या धर्माचं एक उपकलमही होतं. खटका दाबल्यावर रोल लगेच पुढे सरकवायचा नाही. पुढचं गिऱ्हाईक स्टुलावर बसल्यावरच सरकवायचा. फिल्म ताणून ठेवली की फुगते आणि फोटो धूसर येतो, असं मामाचं म्हणणं. असेलही खरं. आमचा कॅमेरा दोन भिंगांचा, वरून वाकून बघायचा, बारा चौकोनी फोटोंचा. बाजूची चकती फिरवत राहायचं आणि मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा दिसला की थांबायचं. त्यात एक मोठी खोट होती. रोल न सरकवता खटका दाबला तरी तो मुकाट्यानं दाबला जाई, आणि एका फोटोवर दुसरा फोटो बसे. स्टुडिओत असं कधी घडलं नाही, कारण माझी बोटं मामाच्या सवयीनं चालत. मॅट्रिक झाल्यावर आईनं मला घोडेगावहून तिच्या ह्या भावाकडे धाडलं, तेव्हापासून सहा-सात वर्षं त्या बोटांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

मला तिथून सुटायचं होतं. यात आडपडदा ठेवण्यासारखं काही नाही. मामा वाईट नव्हता. जेवू घाली, दिवाळीला कपडे करी. पण मागच्या रंगवलेल्या पडद्यावरचं ते कारंजं बघून बघून मी विटून गेलो होतो. अशात पुण्याच्या एका सरकारी खात्यात छायाचित्रकाराची जागा निघाली. खातं शेतीचे, जनावरांचे, रानातल्या पाखरांचे फोटो काढून पुस्तिका छापायचं. मी अर्ज टाकला, मुलाखतीचं बोलावणंही आलं. त्यात एकच अट होती, हलत्या विषयाचे स्वतः काढलेले फोटो सोबत आणावेत. मी ट्रंक उपसली. नवरानवरी, बारशी, जवान, शाळेचा निरोपसमारंभ. आयुष्यात मी ज्यांचे म्हणून फोटो काढले होते त्या सगळ्यांना आधी 'हलू नका' सांगितलं होतं.

साल दुष्काळाचं. रस्तोरस्ती खडी फोडायची कामं चालू होती आणि गावात पाणी टँकरनं येई. त्या हिवाळ्यात मी एका लग्नाचे फोटो काढायला विसापूरला गेलो. तलाव आटून मधोमध एक डबकं उरलं होतं. आसपासच्या तालुक्यांतलं पाणी गेल्यामुळं असेल, पण त्या डबक्यावर करकोच्यांचा एवढा मोठा थवा उतरला होता की मी वरात सोडून बघत उभा राहिलो. राखाडी अंग, काळी मान, डोळ्यामागून निघालेला पांढरा तुरा. सकाळी थवा दाण्याला बाहेर पडे आणि ऊन चढल्यावर पाण्याला परत येई. मला माझा हलता विषय सापडला होता.

मामाकडे कॅमेरा मागितला तर तो म्हणाला, "पाखरांचं कोन पैसं देनार?" मग माझा चेहरा बघून नरमला. रोल तेव्हा सहजी मिळत नसत. तो ते मुंबईहून मागवी आणि कपाटात कुलूप लावून ठेवी. कोरा रोल पाखरांवर उधळायला तो तयार नव्हता. गिऱ्हाइकांनी वापरून उरलेलं रोलचं शेपूट तेवढं मला मिळेल, असं ठरलं. पहिल्या खेपेला चार फोटोंचं शेपूट मिळालं. त्याआधीचा शेवटचा फोटो एका हवालदाराचा होता. माणूस संगमनेरकडचा, भरघोस मिशीचा. सुट्टीवर जाण्याआधी घरच्यांसाठी फोटो हवा म्हणून आदल्या संध्याकाळी येऊन गेला होता.

पहाटेच्या पॅसेंजरनं विसापूरला उतरलो. तलावाच्या उघड्या पडलेल्या गाळात एका नवरा-बायकोनं हरभरा पेरला होता आणि करकोचे त्यावर तुटून पडत. बाई हातात पत्र्याचा डबा घेऊन राखणीला उभी. मी कॅमेरा काढला तशी म्हणाली, "फोटू काढतो व्हय यांचा? काढ की. आन् जाताना समदी घिऊन जा तुज्या गावाला. निम्मा हरबरा खाल्ला मुडद्यांनी."

तिनं डबा बडवला आणि थवा उठला. पलीकडे धरणाच्या भिंतीचे काळे दगड, त्यावर ते उजळ पंख, आणि माझ्या पाठीमागून कोवळं ऊन. वरून वाकून बघायच्या कॅमेऱ्यात सगळं उलटं दिसतं. पक्षी उजवीकडे चालला की काचेत तो डावीकडे पळतो. स्टुडिओत हे कधी जाणवलं नव्हतं, कारण हवालदार कुठंच पळत नसतो. तरी मी कमरेतून वळत वळत थवा काचेत आणला आणि खटका दाबला. मला आतून कळलं की हा लागला. ज्यानं कधी नेम धरलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

मग मी चकती फिरवायला लागलो. लाल खिडकीत आकडा येईपर्यंत थवा बांधापलीकडे गेला होता. उरलेल्या फोटोंत मला नुसतं आभाळ आणि शेवटी एक दूरचा ठिपका मिळाला. एका थव्याला एक फोटो, हा माझा वेग. कितीही घाई केली तरी त्याहून जास्त नाही.

त्या रात्री रोल धुतला. लाल दिव्यासमोर ओली फिल्म धरली. थवा लागला होता. असा लागला होता की तसा मला पुन्हा कधीच लागला नाही. पंख पुरते पसरलेले, पाय मागे सरळ ताणलेले, पुढच्या तिघांचे तुरेसुद्धा स्वच्छ. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध हवालदार बसला होता. एक करकोचा त्याच्या खांद्यावरून निघालेला, दोघे छातीवरच्या बिल्ल्यांमधून, आणि एकाचा पंख बरोबर गालावर. हवालदारानंतर रोल सरकवायचा राहिला होता. राहिला होता कसला, नियमानं सरकवलाच नव्हता. 'पुढचं गिऱ्हाईक बसल्यावर.' माझं गिऱ्हाईक बसलंच नाही. ते उडालं.

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. माझ्या बाबतीत मामाचा नियम नेत होता. मी त्याला ती फिल्म दाखवली. त्यानं चष्मा वर करून पाहिली आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "हवालदाराला आता दुसरा खटका द्यावा लागंल." बस्स. त्या पक्ष्यांबद्दल एक शब्द नाही. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. ते त्याच्या लक्षातही आलं नसावं.

दुसरा खटका मात्र द्यावा लागला नाही. हवालदार आला, छापलेला फोटो पाहिला आणि मिशीत हसला. "आयला, हे काय? पाखरं?" मी माफी मागितली, पुन्हा बसा म्हणालो. त्याची गाडी सुटायची वेळ झाली होती. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या हो. घरी सांगीन, सायेबानं पाळल्यात." आणि माझा आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो, शिरस्त्याप्रमाणे फिल्मच्या तुकड्यासकट, खिशात घालून तो निघून गेला.

मुलाखतीला पंधरवडा उरला होता आणि उन्हं तापायला लागली की करकोचे जाणार होते. मी पुन्हा विसापूर गाठलं. ह्या वेळी दोन फोटोंचं शेपूट होतं, आणि घरातून निघतानाच मी रोल सरकवून ठेवला होता. मामाला न सांगता.

डबक्याच्या काठावर एक जीप उभी होती. शेजारी आमच्या छावणीतला एक कॅप्टन, तिशीचा, पुण्याकडचा. त्याच्या हातात जसा कॅमेरा होता तसा मी फक्त इंग्रजी मासिकात पाहिला होता. पुढे हातभर भिंग आणि खाली बॅटरीवर चालणारी मोटर. भाऊ परदेशात होता, त्यानं आणला म्हणाला. माणूस दिलखुलास. "तुम्हीही काढताय? वा!" असं म्हणून त्यानं मला कॅमेऱ्यातून बघूही दिलं. काचेत करकोचा एवढा जवळ आला की त्याचा लाल डोळा दिसला. उजवीकडचा उजवीकडेच दिसत होता, तेही नवलच.

बाईनं डबा बडवला. थवा उठला तसं कॅप्टननं बोट दाबलं आणि नुसतं दाबून धरलं. खर्रर्र असा आवाज झाला, शिवणयंत्रावर लांब शिलाई मारताना होतो तसा. दहा-बारा सेकंदांत त्याचा छत्तीस फोटोंचा अख्खा रोल संपला. मी तेवढ्यात एक खटका दाबला आणि चकतीशी झटत राहिलो. बाई त्या आवाजानं दचकून म्हणाली, "यवडं काढल्यावर यखादा तरी ग्वाड निघंलच की." कॅप्टन हसला, पण तिचं बरोबर होतं. ह्या धंद्याचं सगळं गणित तिनं डबा खाली न ठेवता सांगितलं आणि मला त्याचा भयंकर राग आला.

छावणीजवळ दुसरा स्टुडिओ नव्हता, तेव्हा कॅप्टनचा रोल आमच्याकडेच यायचा होता. तो आला आणि मीच धुतला. छत्तीस फोटो शेजारी शेजारी लावले तेव्हा पहिल्यांदा कळलं की पक्षी उडतो म्हणजे काय करतो. पंख वर, पंख आडवे, पंख खाली पोटाशी मिटलेले, मान मध्येच वाकडी. बहुतेक फोटो कुरूप होते. फडफडणाऱ्या छत्र्या. डोळ्याला जे डौलदार दिसतं ते ह्या सगळ्या कुरूप क्षणांची बेरीज असते, आणि त्यात क्वचित एखादाच क्षण एकटा उभा राहू शकतो. तो नेमका कधी येणार हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही. मोटर त्याची वाट बघत नाही, ती सगळंच गोळा करते. माझ्यासारख्याला एकदाच जाळं टाकायचं असतं. सेकंदाला तीन फोटो घेणाऱ्या त्या यंत्रालाही एकच फोटो खरा मिळाला होता, रोलच्या मध्याच्या जरा पुढे. त्याच्या आधीच्यात पंख तोंडावर आला होता आणि नंतरच्यात पक्षी खाली वाकला होता. माझ्या एका खटक्यात करकोच्याचा मागचा अर्धा भाग चौकटीबाहेर गेला होता. तुरा मात्र आला होता, एक पंखही. वाईट नव्हता. पण अर्धा होता.

घरात पाणी मोजून येई. फोटो छापल्यावर कागद पुष्कळ पाण्यात धुवावा लागतो, नाहीतर वर्षा-दोन वर्षांत पिवळा पडतो. पैसेवाल्या गिऱ्हाइकाचे फोटो पहिल्या पाण्यात, असा दुष्काळातला शिरस्ता. कॅप्टनचे फोटो पहिल्या पाण्यात गेले आणि त्यांचं उरलेलं गढूळ पाणी माझ्या अर्ध्या करकोच्याला मिळालं. मीच धुतले, दोन्ही.

कॅप्टननं सगळे फोटो चाळले आणि गर्दीचे, दूरचे दोन उचलले. बैठकीच्या खोलीत छान दिसतील म्हणाला. तो एक खरा फोटो त्यानं बोटाखालून तसाच पुढे सरकवला. मी न राहवून म्हणालो, "साहेब, हा बघा ना." त्यानं पाहिलं. "हां, बराय. पण एकटाच आहे ना तो." महिनाअखेर त्याची बदली आसामला होती. फिल्मसुद्धा नको म्हणाला. असे रोल त्यानं ढीगभर काढले होते. ज्याला ते मिळालं त्याला ते दिसत नव्हतं आणि ज्याला दिसत होतं त्याच्या हाती चकती होती.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी मामानं स्वतः माझे फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीनं बांधून दिले. गिऱ्हाइकाला द्यायचा तसाच नीटस पुडा. वर कुंकवाचं बोटही लावलं. मुलाखतीच्या धाकधुकीतही मला बरं वाटलं.

पुण्याला टेबलामागे तीन साहेब होते. सुतळी सोडली आणि सगळ्यात वर कॅप्टनचा करकोचा निघाला. मोठ्या कागदावर, मामानं स्वतः छापलेला, मागे आमच्या स्टुडिओचा शिक्का. माझे फोटो त्याच्याखाली. पहिला साहेब खुर्चीतून पुढे झुकला. दुसऱ्यानं चष्मा बदलला. "हा तुम्ही काढलात?" आवाजात कौतुक होतं, आणि खोटं कशाला सांगू, ते कौतुक मी क्षणभर अंगावर घेतलं. मग तिसरा म्हणाला, "ह्याच्या आधीचा आणि नंतरचा फोटो दाखवा. अशी एकच चौकट कुणाला मिळत नसते."

मी म्हणालो, "हा माझा नाही. चुकून आलाय. माझा हा." आणि अर्धा करकोचा पुढे ठेवला, फिल्मसकट. त्यानं फिल्म उजेडाला धरली. "ह्याच्या आधी काय आहे?"

"बारसं."

"आणि नंतर?"

"आभाळ."

तिघं हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. मग पहिल्यानं विचारलं, तुमचा नाही तर आणलात कशाला, आणि मी सुतळी गुंडाळायला लागलो. मामानं घातला म्हणून सांगितलं असतं तर आणखी हसले असते. जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

परत आल्यावर मी मामावर ओरडलो, आयुष्यात पहिल्यांदा. तो गल्ल्याजवळ बसून ऐकत राहिला. मग म्हणाला, "त्यानं काय केलं रं? बोट दाबून बसला. धुतला कुनी? छत्तीसांतून निवडला कुनी? तू. मंग फोटू तुजाच की. मी तुज्या भल्यासाठीच घातला." त्याला ते खरंच तसं वाटत होतं, हे माझं दुर्दैव. लबाडी असती तर भांडता आलं असतं. आणि ज्यानं जन्मभर एका खटक्याचं व्रत मिरवलं त्यानं छत्तीस खटक्यांतला तो फोटो चौकट करून दर्शनी काचेत लावला. येणारा प्रत्येकजण विचारी, हा कुणी काढला? मामा माझ्याकडे बोट करी. मी नाही म्हणे. लोकांना वाटे, पोरगा विनयशील आहे. मी चिडून नाही म्हणालो की त्यांना मी आणखीनच विनयशील वाटे.

अर्धा करकोचा दीड वर्षात पिवळा पडला. काचेतला अजून पांढराशुभ्र होता.

त्यानंतर दोनेक वर्षांनी एक माणूस स्टुडिओत आला. पायात वहाणा, हातात पिशवी. मामा तेव्हा बाहेर गेला होता. त्यानं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला फोटो काढून माझ्यापुढं ठेवला. हवालदार. खांद्यावरून, छातीतून, गालावरून उडणारे माझे करकोचे. कोपरे दुमडलेले, पण पक्षी जसेच्या तसे.

"ह्यो माजा थोरला भाऊ," तो म्हणाला. "गेला गेल्या म्हयन्यात. सुट्टीवर आल्ता, कावीळ झाली. घरात ह्यो येकच फोटू हाय. मोठा करून पायजे, भितीला लावायला."

मी म्हणालो, करून देतो. मनात आलं, आता हा मोठ्या कागदावर येईल. कुणाच्या तरी भिंतीवर का होईना, पण लागेल.

"येक करा," तो म्हणाला. "ती पाखरं तेवढी काढून टाका. आई म्हंती, त्याचं त्वांड धड दिसत न्हाई."

मी फोटोचा फोटो घेतला. मोठा छापला, स्वच्छ पाण्यात धुतला. मग बारीक कुंचला आणि शाई घेऊन दोन दुपारी बसलो. आधी खांद्यावरचा पुसला, मग छातीवरचे दोघे. गालावरचा पंख शेवटी ठेवला होता. तोही गेला आणि हवालदार एकटा राहिला, हनुवटी वर, अजिबात न हलता.

भाऊ फोटो न्यायला आला तेव्हा त्यानं फोटो पाहिला आणि डोळे पुसले. निघताना दाराशी थबकून त्यानं काचेतल्या करकोच्याकडे पाहिलं. "ह्यो तुमीच काढला व्हय? लई झ्याक हाय."

मी हो म्हणालो.